माप

पर्समध्ये टेप असतो माझ्या, कायमच.
पहिले चार आकडे बोटांनी पुसून गेलेत,
पण माप चुकत नाही.

पाथर्डी फाट्याच्या पुढं सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो.
कापडणीस एजंट म्हणाला, "वहिनी, बेडरूम बघा, किती ऐसपैस!"
मी सरळ पलंगावर आडवी झाले.
दौलत म्हणाला, "अगं ऊठ, लोक बघतायत."
पावलं बाहेर लोंबत होती माझी.
मी पाच फूट एक इंच.
टेप लावला : पलंग चार फूट आठ.
खोली मोठी दिसावी म्हणून
मुद्दाम आखूड करून घेतलेला,
वर दोन मोठ्या माणसांच्या उशा.
कपाटाचं दार उघडलं तर मागं भिंतच.

त्यानंतरचे रविवार :
म्हसरूळ, नांदूर नाका, आडगावच्या आतला रस्ता
जिथं द्राक्षाच्या बागेला लागून पाटी उभी,
"फक्त पंधरा लाखांत",
आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत
स्टॅम्प, नोंदणी, मीटर, पार्किंग.
आता मीसुद्धा अस्तराचे पैसे नंतरच सांगते गिऱ्हाइकाला.
पण साठ रुपये.
चार लाख नाही.

कार्पेट वेगळं, बिल्ट-अप वेगळं, सुपर बिल्ट-अप त्याहून वेगळं.
जिन्याचा एक तुकडा, लिफ्टचा एक तुकडा
माझ्या स्वयंपाकघरात मोजलेला.
एवढं कापड मी दाबात सोडलं असतं
तर एका ब्लाउजात दोघी मावल्या असत्या.

म्हाडाच्या सोडतीत नाव आलं,
प्रतीक्षा यादीत. एकशे सत्तेचाळीस.
दौलतनं सेहेचाळीस जणांपर्यंत मनातल्या मनात
सगळ्यांना दुसरीकडं घरं मिळवून दिली,
मग झोपला.

त्याची अंबडची नोकरी अकरा महिन्यांची,
मग नवा ठेकेदार, नवं कार्ड, तेच मशीन.
माझी सिडकोत, जिन्याखाली, पायमशीन.
बँकेतल्या मॅडमनी विचारलं, "उत्पन्नाचा पुरावा?"
मी वही ठेवली समोर, सात वर्षांची :
छाती चौतीस, मुंढा पंधरा, गळा मागून खोल,
बाकी ऐंशी.
त्या पानं उलटत राहिल्या जरा वेळ.
"यावर शिक्का नाही हो."
नाही. शिक्का नाही.
"गुमास्ता काढा, दोन वर्षं रिटर्न भरा, मग या."
वाईट नव्हत्या त्या.
त्यांच्या डाव्या बाहीची शिवण उसवली होती,
सांगावंसं वाटलं,
नाही सांगितलं.

मग चुंचाळ्याचं कुणीतरी सांगितलं.
जुनं, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
मालक मुलाकडे जळगावला राहायला गेलेले.
रिकाम्या खोलीत आमचाच आवाज मोठा झाला.
भिंतीला खिळ्यांची भोकं, ओट्याला तेलाचा डाग,
दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा,
एक पोर इथं सात रेघांएवढं वाढलेलं.
मी गुडघ्यावर बसून टेप लावला.
नऊ बाय सव्वादहा.
कागदावर लिहिलं होतं तेवढंच.
पुन्हा लावला.
तेवढंच.
दौलत म्हणाला, "काय झालं? रडतेस का?"
धूळ होती.

साडेअठरा म्हणतात. आमच्याकडं सव्वातीन आहेत,
त्यातले साठ हजार नणंदेचे.

खिडकीतून पांडवलेण्याचा डोंगर दिसतो,
एका बाजूनं, थोडासा.
त्याचे पैसे मात्र कुणी धरलेले नाहीत.

रात्री वही काढली.
नाव : स्वतः.
खिडकी : साडेतीन बाय चार. पडदा, चुणीला दीडपट.
ॲडव्हान्स : —
डिलिव्हरी :
इथं बायका जशा डोळ्याला डोळा लावून विचारतात
तसं मीच मला विचारलं, "नक्की ना?"
आणि सगळ्यांना सांगते तेच सांगितलं,
"दिवाळीच्या आत देते."

कुठली दिवाळी
ते मी कुणालाच लिहून देत नाही.